उजवा बैल

आमच्या सासऱ्यांच्या नावावर चार एकर जमीन आणि एक सिनेमा. जमीन सातबाऱ्यावर आहे, सिनेमा नुसता तोंडी. 'माळावरची सून' हा तो सिनेमा. पंचाहत्तर सालचा, काळापांढरा, आमच्या बीड जिल्ह्यात जागोजागी फिरून काढलेला. त्याच्या शेवटी सून बैलगाडीत बसून सासर सोडून जाते. गाडीवानाचं काम ज्या नटाला दिलं होतं तो मुंबईचा. बैलांनी नुसती मान हलवली तरी खाली उडी मारायचा. मग त्याचे कपडे आणि त्याचं मुंडासं आमच्या सासऱ्यांना, बबनरावांना घातलं आणि गाडी त्यांनी हाकली. सोयरिकीला, बारशाला, दहाव्याला, जिथं चार माणसं बसतील तिथं ही गोष्ट निघायचीच. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मी या घरात चोवीस वर्षांपूर्वी आले आणि आल्या आठवड्यातच ती गोष्ट मला पाठ झाली. पुढं पुढं तर ती सुरू झाली की मी भांडी जोरात घासायची.

मी उज्ज्वला. डी.एड. झालेली, नोकरी न लागलेली, म्हणून शेती करणारी. आमचे हे चाकणला कंपनीत, सणाला आणि मयतीला तेवढे येतात. गाव पाटोद्याच्या वर, डोंगराच्या पोटाला. शेत गावापासून अर्ध्या कोसावर. आणि यंदा त्या शेताला रस्ताच राहिला नव्हता.

जागा अशी आहे. गावाकडून डोंगराकडं तोंड करून चालत गेलं की एक जुनी दगडी विहीर लागते. विहीर बरोबर बांधावर. डाव्या हाताला अर्जुनरावांचं रान, उजव्या हाताला राधाकिशनचं दीड एकर. त्या दोघांच्या पलीकडं, पार डोंगराच्या पायथ्याला, आमचं शेत. मी आले तेव्हापासून आमच्या गाड्या, आमचे ट्रॅक्टर अर्जुनरावांच्या कडेकडेनं जायचे. यंदा पोळा झाला आणि त्यांनी तिथं जेसीबी लावून चर मारला. मोसंबी लावायची होती. विचारायला गेले तर म्हणाले, रस्ता माझ्या रानातून कधी नव्हताच, इतकी वर्षं माणुसकीनं जाऊ दिलं. अर्जुनराव दोन वेळा पंचायत समितीवर निवडून आलेले. त्यांच्या तोंडून माणुसकी हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सोयाबीन कापून शेतातच गंज घालून ठेवली होती, वर ताडपत्री. मळणी यंत्र तिथवर न्यायचं कुठून? रोज दुपारी डोंगरामागून आभाळ भरून यायचं. परतीच्या पावसाचे दिवस. एक मोठी सर आली की गंज भिजणार आणि शेंगांना आतल्या आत कोंब फुटणार. मी दिवसातून दहा वेळा आभाळाकडं बघायची.

तहसीलला अर्ज दिला होता, मामांच्या नावानं. पण रस्ता वहिवाटीचा, नकाशावर नव्हता. तहसीलदार मॅडम म्हणाल्या, जुना पुरावा दाखवा, मी गुरुवारी दुपारी जागेवर येते. आता आमच्याकडं जुना पुरावा म्हणजे म्हातारी माणसं. आणि अर्जुनरावांचं नाव काढलं की गावातल्या म्हाताऱ्यांना एकाएकी ऐकू येईनासं व्हायचं. एकटा राधाकिशन म्हणाला, मी देतो साक्ष. हा राधाकिशन नवराबायको मिळून ऊसतोडीला जाणारा माणूस. तोडीतून साठवलेल्या पैशातून त्यानं ते दीड एकर पंचाण्णव साली आमच्या मामांकडूनच घेतलं होतं, माझ्या नणंदेच्या लग्नात. कारखान्याला जायची त्याची गाडी ठरलेली होती. बायकोला पुढं पाठवलं आणि साक्षीसाठी तो मागं थांबला. मला वाटलं, देव असतो तो असा.

शनिवारी स्वप्नाली आली.

पुण्याची मुलगी, तिशीतली, पाटोद्यातून कुणाची तरी स्कूटी मागून आलेली. जुने मराठी सिनेमे नेमके कुठं कुठं काढले, त्या जागा शोधून ती पुस्तक लिहीत होती. 'माळावरची सून'मधलं लग्नाचं देऊळ तिला धर्मापुरीत सापडलं होतं. नदीचा सीन गेवराईजवळ गोदावरीच्या काठी सापडला होता. राहिला होता फक्त शेवटचा, गाडीचा. पाटोद्यात चहावाल्यानं तिला सांगितलं, त्या गाडीवाल्याकडं जा, तो तुम्हाला दोन तास सोडायचा नाही.

मला वाटलं, आता मामांचा दिवाळसण. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ही गोष्ट ऐकायला आपल्या पायांनी चालत आलं होतं. तिनं सिनेमातून काढलेले फोटो त्यांच्या हातात दिले. मामांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि परत देऊन टाकला. "हे इकडलं न्हाई," म्हणाले. "गंगेकडलं हाय. गेवराईच्या बाजूला."

गाडी तुम्हीच हाकली ना, तिनं विचारलं. हाकली, म्हणाले, पण तिकडं नेऊन हाकली. आणि शेळ्यांना पाला टाकायचाय म्हणून उठून गेले. मी चहाचा कप हातात घेऊन उभी. मामा शेळ्यांना पाला टाकायला स्वतः उठल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

कप ठेवताना माझी नजर फोटोवर गेली. विहीर होती. विहिरीच्या गावाकडच्या तोंडाशी, मोटेचं पाणी ज्यात पडायचं ते दगडी थारोळं होतं, एक कोपरा फुटलेलं. त्या थारोळ्यावर बसून मी चोवीस वर्षं भाकरी खाल्ली आहे. मागं आमचा सपाट माथ्याचा डोंगर. हे गेवराई असेल तर मी मुंबईची.

पण पाहुण्यांसमोर सासऱ्याला खोटं पाडू नये एवढं मला कळतं. शिवाय दुसरी एक गोष्ट त्याच क्षणी डोक्यात आली. फोटोत गाडी विहिरीला खेटून चालली होती. म्हणजे तिथं गाडीवाट होती. म्हणजे तहसीलदार मॅडमना हवा तो पुरावा, हलता चालता, माझ्या समोर पडला होता. मी स्वप्नालीला गोड बोलून तो सीन माझ्या मोबाइलवर मागून घेतला, मामांना सावकाशीनं दाखवते म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी गेवराईला गेली. बिचारीला मी जाऊ दिलं.

रविवारी सकाळी मी विहिरीवर गेले. सीन दोन मिनिटांचा. गाडी आधी समोरून येते, आपल्या अंगावरून पुढं जाते आणि मग पाठमोरी डोंगराकडं चालू लागते. सून मागच्या बाजूला पाय सोडून बसलेली, आपल्याकडं तोंड करून. गाडी विहिरीपाशी येते तेव्हा विहीर तिच्या उजव्या हाताला असते. विहीर उजवीकडं, म्हणजे वाट डावीकडून. म्हणजे अर्जुनरावांच्या रानातून. मी तो तुकडा वीसेक वेळा बघितला असेल.

जागा जुळवायची म्हणून मोबाइल डोळ्यांसमोर धरून मी पुढं मागं होत राहिले. चर ओलांडून अर्जुनरावांच्या रानात उभी राहिले तेव्हा विहीर उजवीकडं आली आणि डोंगर मागं बसला. थारोळ्याचा फुटका कोपरा सिनेमात एका बाजूला दिसत होता, समोर दुसऱ्या. मी म्हटलं, प्रिंट जुनी आहे, अंधुक आहे, सावली पडली असेल. जुळलं, असं मी स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. जुळलं नव्हतं, मी जुळवलं होतं.

संध्याकाळी राधाकिशनला दाखवलं. त्यानं मोबाइल घेतला आणि त्याचं तोंड उतरलं. विहीर कोणत्या हाताला, त्यानं विचारलं. उजव्या, मी म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्यानं मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, मग झालंच की वहिनी आपलं काम. मला वाटलं, आपल्यापेक्षा यालाच आनंद झालाय.

मामा मात्र सीन बघायला तयार नव्हते. रविवारी डोळ्यांना दिसत नव्हतं, सोमवारी डोकं दुखत होतं, मंगळवारी शेळी आजारी होती. ती शेळी माझ्यासमोर उड्या मारत होती. मला असा राग आला की काय सांगू. ज्या दोन मिनिटांनी या माणसानं आमचे कान पन्नास वर्षं किटवले, ती दोन मिनिटं समोर आली तर हा तोंड फिरवतो. त्यांनी तो सिनेमा एकदाच बघितला होता, पाटोद्याच्या जत्रेत तंबूत. त्यानंतर आत्ता मिळत होता. आणि गुरुवार जवळ येत होता आणि आभाळ रोज थोडं जास्त काळं होत होतं.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या बाजेवर जाऊन बसले आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. उद्या मॅडम विचारतील गाडी हाकणारे तुम्हीच का, मी म्हणाले, निदान बघून तरी ठेवा.

गाडी समोरून यायला लागली. मामांचा चेहरा बदलला. ओठ हलायला लागले, जिभेनं ते बैलांना आवाज देत होते, बावीस वर्षांच्या पोरासारखे. मला एकदम भरून आलं. आणि मग ते थांबले.

"पाखऱ्या हिकडं कसा?" म्हणाले.

मी विचारलं, कोण पाखऱ्या. मोडक्या शिंगाचा, ते म्हणाले. "त्यो उजवा बैल. जलमभर उजव्या अंगाला चालला. डावीकडं जुपला की आडवा पडायचा, जू मोडायचा. ह्यात डावीकडं चालतोय. कासरा बी उलट्या हातात हाय माझ्या."

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. मोबाइल बाजेवर ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी घाबरले. मी तो उचलला, पुन्हा लावला. या वेळी मी विहीर बघितली नाही, गाडीत बसलेली सून बघितली. तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. आमच्याकडं कुठल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर असतो? वीस वेळा बघून मला बाईचा पदर दिसला नव्हता. मला फक्त रस्ता बघायचा होता.

जुने सिनेमे मोबाइलवर चढवणारे लोक पकडलं जाऊ नये म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं करून चढवतात, हे मला माहीत होतं. मी चित्र थांबवलं, त्याचा फोटो काढला आणि फोटो उलटा करायचं बटण दाबलं. पदर डाव्या खांद्यावर गेला. मोडक्या शिंगाचा बैल उजवीकडं गेला. फुटका कोपरा जिथं असतो तिथं गेला. आणि विहीर गाडीच्या डाव्या हाताला गेली. वाट अर्जुनरावांच्या रानातून नव्हतीच. ती विहिरीच्या उजव्या अंगानं होती, राधाकिशनच्या दीड एकरातून.

पंचाहत्तर साली ते दीड एकर राधाकिशनचं नव्हतं. आमचं होतं.

मामांनी मग सगळं सांगितलं, जमिनीकडं बघत. ती वाट बारा हातांची होती, बैलगाडीच्या चाकांनी घट्ट झालेली. त्यांचे वडील वारल्यावर त्यांनी ती नांगरायला सुरुवात केली, दर वर्षी नांगराची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, आत, पाच सहा वर्षांत सगळी. तेव्हा अर्जुनरावांचे वडील होते. ते भांडले नाहीत, म्हणाले, माझ्या कडेनं जात जा. पुढं लग्न निघालं तेव्हा ते रान विकलं, नांगरलेल्या वाटेसकट. राधाकिशननं वाटेचेही पैसे मोजले. "जागा कुठली, ते म्हणूनच कुणाला सांगत न्हवतो," मामा म्हणाले. "शिनेमा सांगायचो, जागा न्हाई."

आणि ते खरंच होतं. चोवीस वर्षांत मी ती गोष्ट हजारदा ऐकली, पण गाडी कुठं हाकली हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मी फार बोलले त्यांना. काय बोलले ते लिहीत नाही. बोलून दमल्यावर मात्र जे ठरवलं ते सांगते, कारण लपवून उपयोग नाही. मी ठरवलं, सीन आहे तसाच उलटा दाखवायचा. खरं दाखवलं तर रस्ता राधाकिशनच्या दीड एकरातून जाणार, आणि त्याचा बारा हातांचा पट्टा जाणार, ज्याच्यात त्याचा काही गुन्हा नाही. उलटा दाखवला तर अर्जुनरावांची चार मोसंबीची रोपं जाणार. त्यांच्याकडं बावीस एकर आहे. कोण बघतंय बैल कुठला कुठल्या बाजूला? पदर कुठल्या खांद्यावर? मी नाही बघितला, तर मॅडम काय बघतील? त्या दिवशी मामा जेवले नाहीत, आणि मीही त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गुरुवारी मॅडम दीड वाजता आल्या, बरोबर एक कारकून. अर्जुनराव पाचसहा माणसं घेऊन आधीच चराच्या कडेला उभे होते. राधाकिशन धुतलेला शर्ट घालून आला होता. डोंगरावर आभाळ इतकं खाली आलं होतं की मॅडम म्हणाल्या, लवकर आटोपू या.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सीन लावला. मॅडमनी बघितला, पुन्हा बघितला, मोबाइल हातात घेऊन विहिरीपाशी गेल्या. थारोळं तेच, डोंगर तोच, हे कुणालाही दिसत होतं. मग त्यांनी तो अर्जुनरावांना दाखवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. मला वाटलं होतं ते ओरडतील, वकिलाचं नाव घेतील. पण त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि हळू आवाजात म्हणाले की मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, शूटिंग बघायला आलतो, गाडी त्या अंगानं गेली असं मला आठवतंय. त्यांनी राधाकिशनच्या रानाकडं बोट केलं. पण यात तर अशी दिसतीय, म्हणाले, आता माझंच चुकतं का काय. अर्जुनरावांना मी पहिल्यांदाच खरं बोलताना बघत होते आणि त्यांना खोटं पाडणारी मी होते. 

मॅडमनी कारकुनाला पंचनामा लिहायला सांगितला. मग मामांकडं वळल्या. "आजोबा, ही गाडी हाकणारे तुम्हीच ना? तुमचा जबाब महत्त्वाचा. तसं लिहिते, खाली सही करा."

सगळे मामांकडं बघायला लागले. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. राधाकिशनकडं बघितलं.

"न्हाई," म्हणाले. "त्यो मी न्हाई."

मॅडमना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं.

"मी कंच्याच शिनेमात नव्हतो बाई. उगं सांगत आलो लोकास्नी. ही हीर बी ती न्हाई. ती गेवराईकडली."

आधी कुणीतरी खोकलं, मग एकजण हसला, मग सगळेच. त्यात त्यांच्या वयाचे दोघं होते, ज्यांनी ही गोष्ट त्यांच्याकडून माझ्यापेक्षा जास्त ऐकली होती. पन्नास वर्षं फसवलं की बबन्यानं, त्यातला एक म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत. अर्जदारच नाकारतो म्हटल्यावर यात काही राहत नाही, म्हणाल्या, मोजणीचा अर्ज करा. मॅडमची गाडी निघून गेली. अर्जुनराव जाताना मामांसमोर क्षणभर थांबले, काहीतरी विचारायचं होतं बहुतेक, पण विचारलं नाही.

रस्ता गेला होता. त्या माणसानं स्वतःची चोरी झाकली, अर्जुनरावांच्या रानावर खोटी सही केली नाही, राधाकिशनचा पट्टा वाचवला आणि आयुष्यात जेवढं म्हणून नाव होतं ते चार टवाळांसमोर पुसून टाकलं. त्यांच्यावर चिडायचं की त्यांच्या पाया पडायचं, हे मला कळत नव्हतं. मग मी चिडले, कारण ते मला जमतं. म्हणाले, निदान राधाकिशनला तरी खरं सांगा.

मामांनी सांगितलं. थारोळ्यावर बसून, थांबत थांबत, नांगराचं एकेक तास मोजल्यासारखं. शेवटी राधाकिशन म्हणाला, "मला ठाव हाय काका."

त्यानं आपल्या रानाकडं बोट केलं.

"नांगर तिथं आला की उडतो. तीस वर्सं झाली, त्या पट्ट्यात पीक गुडघ्याच्या वर येत न्हाई. गाडीवाट हाय खाली, मला कळंना व्हय?" मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, तोडीची गाडी सोडून मी साक्षीला कशापायी थांबलो, काय वाटलं तुमाला? लांबून कुणी म्हातारा आला आन खरं बोलला, तर माझं रान जायचं. म्हणून थांबलो."

विहीर कोणत्या हाताला, हे त्यानं दोनदा का विचारलं होतं, ते मला आत्ता कळलं. देवमाणूस वगैरे काही नव्हता तो. आमच्यासारखाच होता, घाबरलेला. तिघंही एकाच बारा हातांसाठी आठवडाभर घाबरत होतो आणि एकमेकांना धीर देत होतो.

मग राधाकिशन उठला, पॅंट झटकली आणि आपल्या रानात गेला. कापूस नुकताच फुटायला लागला होता. विहिरीच्या बाजूची खुजी झाडं त्यानं दोन चार उपटून बघितली, मुळं आखूड, वाकडी. तिथूनच म्हणाला, यंत्र न्या इथून. उद्या सकाळी न्या, पाऊस येतोय. मी मोकळं करून देतो. पण कागदावर न्हाई यायचं. तोंडी. मामा म्हणाले, तोंडी. मीही म्हणाले.

शुक्रवारी यंत्र गेलं, शनिवारी सकाळी शेवटचं पोतं गावात आलं आणि संध्याकाळी पाऊस कोसळला. सोयाबीन वाचली. रस्ता मिळाला म्हणायचं तर मिळाला, पण तो आता तीन माणसांच्या तोंडावर आहे. राधाकिशनच्या मनात आलं तर बंद. आमच्यापैकी कुणी बोललं तर त्याचा पट्टा कागदावर जाणार. त्याचं पोरगं मोठं होतंय, ते उद्या काय म्हणेल, हा विचार आला की मला झोप लागत नाही. राधाकिशन कारखान्याला गेला तेव्हा मी त्याला भाकरी बांधून दिल्या. त्यानं घेतल्या, पण पूर्वीसारखं हसून नाही.

गावात मामांचं जे व्हायचं ते झालं. हॉटेलात गेले की कुणीतरी विचारायचं, बबनराव, सध्या कुठल्या शिनेमात हाव? ते हॉटेलात जायचे बंद झाले. घरातही ती गोष्ट निघाली नाही. मी भांडी हळू घासायला लागले, तरी निघाली नाही.

दिवाळीच्या आधी स्वप्नालीचा फोन आला. माझे हात भाकरीच्या पिठात, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. मामा समोर भिंतीला टेकून बसलेले. गेवराईला जागा सापडली नाही, ती सांगत होती. आणि एक गंमत कळली, आपण बघत होतो ते चित्रच उलटं होतं. मूळ प्रिंट तिला बघायला मिळाली होती. आता पुन्हा पाटोद्याकडं येऊन शोधू का, तिनं विचारलं. मी म्हणाले, नका येऊ, इथं तशी विहीर नाही, मी सगळी रानं हिंडून बघितली. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

ती हिरमुसली. मग म्हणाली, आजोबांचंही कळलं मला, पाटोद्यात लोक सांगत होते. जाऊ द्या, वय झालं की होतं असं. "पण खरंच सांगते, तो जो कोण होता ना, तो एकदाही चाबूक उचलत नाही. बैल नुसत्या त्याच्या आवाजावर चालतात. मूळ प्रिंटमध्ये तो आवाज ऐकू येतो. मी तो सीन कितीदा तरी लावून ऐकला. नाव मिळायला हवं होतं. आता गाडीवान अज्ञात, जागा अज्ञात, असं छापू ना?"

मी मामांकडं बघितलं. मला एका क्षणात सगळं बोलून टाकावंसं वाटलं, जाऊ दे तो रस्ता. मामांनी हात हलवून छापू दे म्हणून सांगितलं. मी म्हणाले, छापा.

फोन बंद झाला. मी भाकरी थापायला घेतली. थोड्या वेळानं मामांनी विचारलं, "अज्ञात म्हंजी काय गं?"

"म्हंजी कोण व्हता ते कुणालाच म्हाईत न्हाई," मी म्हणाले.

मी भाकरी तव्यावर टाकली.

"तुला हाय का म्हाईत?"

"हाय, मामा," मी म्हणाले. "मला हाय."